आखूडपणा विकत मिळत नाही

बाथरूमचा नळ भिंतीतून किती बाहेर यावा, हा निर्णय घरात कुणीही घेत नाही. बाकी सगळ्याचे निर्णय होतात. देवघराचं तोंड कुठं, ओट्याचा दगड कोणता, जिन्याखालच्या जागेत संडास की सामान, यावरून आमच्या वर्ध्यात सख्ख्या भावांनी एकमेकांच्या वास्तुपूजनाला जाणं टाळलेलं आहे. नळाचं तसं नाही. प्लास्टरवाला गेला, टाइलवाला गेला, पेंटर आपले डबे उचलून गेला, आणि पूजेच्या आदल्या संध्याकाळी प्लंबर कुठूनतरी उगवला, की घंट्या-दीड घंट्यात घरभर नळ लागतात. मग पुढची पंचवीस-तीस वर्षं त्या घंट्या-दीड घंट्याच्या हवाली.

बहुतेक घरी हे निभावून जातं. आमच्याकडे बाथरूमचा नळ भिंतीतून इतका पुढं आला, की हा पाणी द्यायला आलाय की हात मिळवायला, असा प्रश्न पडावा. ले-आउटमधलं घर, बाथरूम पाच बाय चार. त्यात नळ पुढं, नळाखाली बादली त्याहून पुढं, आणि उरलेल्या जागेत माणूस. कोपऱ्यात ठेवायची वस्तू असलेली बादली आमच्याकडे खोलीच्या मधोमध विराजमान व्हायची आणि आंघोळ करणारा कोपऱ्यात.

त्यात नळ जमिनीपासून सव्वादोन फुटांवर. ही उंची फार विचार करून शोधलेली असावी, कारण ती कुणालाच सोडत नाही. उभा माणूस वळला की मांडीला, पाटावर बसलेला पुढं झुकला की कपाळाला, आणि खाली पडलेला साबण उचलून वर येणारा थेट टाळूला. घरातल्या प्रत्येकाची लागायची जागा ठरलेली होती. आईला मात्र कधी लागला नाही. ती नळाकडे पाठ करून बसतच नसे. ‘आपलं आपल्याले समजलं पायजे,’ एवढंच ती म्हणायची. ते नळाबद्दल होतं की सुनेच्या नवऱ्याबद्दल, हे मी खोलात जाऊन विचारलं नाही.

पाहुण्यांचं जास्त अवघड. लग्नाला आलेला पाहुणा आंघोळीला जाई, आतून एक ठण्ण असा आवाज येई, क्षणभर पाणी थांबे, आणि मग ‘काही नाही, काही नाही’ असं कुणीही काहीही विचारलेलं नसताना उत्तर येई. बाहेर येताना प्रत्येकाचा हात डोक्यावर. आमच्या जिल्ह्यात याला आणखी एक पदर आहे. वर्धा हा दारूबंदीचा जिल्हा. इथं सकाळी दहा वाजता कपाळावर टेंगूळ घेऊन ऑफिसात गेलं आणि ‘बाथरूममधला नळ लागला’ असं सांगितलं, की समोरचा मान डोलावतो, पाणी पुढं करतो, आणि हळूच विचारतो, ‘कुठून आणली होती?’

आता नळ बाहेर का येतो, हे नीट सांगितलं पाहिजे, कारण यात कुणी वाईट नाही. यातले तिघंही आपापल्या परीनं शहाणे असतात, आणि त्या शहाणपणाची बेरीज भिंतीतून बाहेर येते.

प्लंबर पाइप टाकतो तेव्हा भिंतच नसते. नुसत्या विटा असतात. त्या विटा कटरनं कापून तो आत पाइप बसवतो आणि शेवटी पितळी आट्यांचा एल्बो लावून त्याचं तोंड बाहेर काढून ठेवतो. हे तोंड पुढं कधीतरी होणाऱ्या टाइलच्या बरोबरीला यायला हवं. पण टाइल अजून घेतलेली नसते. ती जाड येणार की पातळ, तिच्यामागं सिमेंटचा माल किती जाणार, प्लास्टर अर्धा इंच राहणार की इंचभर, यातलं त्याला काहीही ठाऊक नसतं. म्हणून तो अंदाजे एल्बो थोडा बाहेर ठेवतो. थोडा जास्तच ठेवतो, कारण आत गेलेल्या एल्बोबद्दल घरमालक शिव्या देतो आणि बाहेर आलेल्याबद्दल ‘होते न काही तरी’ म्हणतो.

मग टाइलवाला येतो. त्याच्यापुढं वेगळंच दुखणं. भिंत ओळंब्यात नसते. एका टोकाला माल बोटभर लागतो आणि दुसऱ्या टोकाला जेमतेम चाटून जातो. नळ ज्या टोकाला आहे तिथं भिंत पोट काढून उभी असेल, तर तो माल कमी लावतो, आणि एल्बोचं तोंड टाइलच्या पुढं येतं. ते त्याला दिसतं. पण ‘ते प्लंबरचं’ म्हणून तो टाइलला गोल भोक पाडून पुढं जातो.

तिसरा माणूस आपण स्वतः. सॅनिटरीच्या दुकानात काउंटरवरचा मुलगा विचारतो, ‘लाँग बॉडी की शॉर्ट बॉडी?’ हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदाच कानावर पडलेला असतो. नवरा बायकोकडे पाहतो, बायको किमतीकडे पाहते. लाँग बॉडी जरा महाग. म्हणजे चांगलीच असणार. घर काय रोज बांधतो का आपण? लाँग द्या.

लाँग बॉडीचा नळ वाईट नाही. भांडी घासायच्या खोल सिंकवर, जिथं धार मधोमध पडायला हवी, तिथं तो शोभतो. पाच बाय चारच्या बाथरूमात तो मंगल कार्यालयातल्या सोफ्यासारखा वागतो: वस्तू उत्तम, पण सगळे तिला वळसा घालून चालतात.

ही तिघांची शिल्लक एकत्र झाली की नळ पुढं येतो. तो मागं न्यायचा म्हटलं, की मात्र गाठ सर जोसेफ व्हिटवर्थ यांच्याशी पडते. या इंग्रज यंत्रकारानं १८४१ साली स्क्रूच्या आट्यांचं एक ठरावीक माप सुचवलं. त्याआधी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे. नळ-पाइपांचे आटे त्याच घराण्यातले, आजतागायत ५५ अंशांच्या कोनाचे. पुढं १८४५ साली रॉदरहॅमच्या गेस्ट अँड क्राइम्स या कारखान्यानं आट्यांवर चावी फिरवून बंद करायच्या नळाचं पेटंट घेतलं. तेव्हा नागपूरला भोसल्यांचं राज्य होतं आणि वर्धा गाव वसायला अजून वीसेक वर्षं होती. पालकवाडीच्या जागी ते आखून बसवलं १८६६ साली. म्हणजे आमच्या बाथरूममधली तऱ्हा गावापेक्षा जुनी.

अर्धा इंची पाइपाला या मापानं एका इंचात १४ आटे पडतात. म्हणजे नळ एक पूर्ण फेरा फिरवला की तो आत जातो १.८ मिलिमीटर, तांदळाच्या दाण्याच्या रुंदीइतका. आमचा नळ दीड इंच आत न्यायचा तर एकवीस फेरे हवेत. पण एल्बोच्या पोटात आट्यांना जागा असते अर्ध्या इंचाच्या आसपास, आणि नळानं ती आधीच व्यापलेली असते. बरं, फेरा अर्ध्यात सोडता येत नाही. नळाचं तोंड खालीच आलं पाहिजे. पाव फेरा कमी पडला तर पाणी भिंतीला समांतर उडतं, आणि पाव फेरा जास्त ओढला तर आतल्या सीपीव्हीसी एल्बोला तडा जातो. तो तडा दिसत नाही. तो पलीकडच्या बेडरूममध्ये, कपाटामागं, ओलीच्या रूपानं पुढच्या पावसाळ्यात प्रकट होतो.

हे सगळं ज्ञान मला शेजारच्या काकाजींमुळे झालं. काकाजी निवृत्त अभियंते. आयुष्यभर त्यांनी कालवे मोजले, त्यामुळे इंच हे एकक त्यांना मुळातच क्षुल्लक वाटतं. तरी शेजारधर्म म्हणून ते घरून व्हर्नियर कॅलिपर घेऊन आले, बाथरूमच्या दारात चपला काढल्या, नळामागचे आटे मोजले आणि गंभीरपणे म्हणाले, ‘हा अर्धा इंची नाहीच. एकवीस मिलिमीटर आहे. पाऊण इंचाहूनही जास्त. तुम्हाला फसवलं.’

खरं तर फसवलं व्हिटवर्थच्या काळातल्या पाइपांनी. तेव्हाच्या लोखंडी पाइपाची पोकळी अर्ध्या इंचाची असे, नाव त्या पोकळीवरून पडलं, आणि बाहेरचं माप लोखंडाच्या जाडीमुळे वाढलं. पाइपाचं लोखंड जाऊन प्लास्टिक आलं, पोकळी बदलली, जाडी बदलली, पण नाव गेलं नाही. आज अर्धा इंची नळात अर्धा इंच असं काहीही नसतं. पण काकाजींना हे दुकानदारानं समजावलं तेव्हा ते म्हणाले, ‘मग तुम्ही लिहीत का नाही तसं?’ आणि परत येताना व्हर्नियरचे दोन्ही जबडे सारखे मिटत होते, उघडत होते.

काकाजींचा अंतिम सल्ला असा होता, की नळ हलवण्यापेक्षा भिंत दोन इंच पुढं आणावी. कालव्यावर अशी वेळ आली की तेच करतात म्हणे.

बाकीच्यांचे सल्ले स्वस्त होते. नळाच्या तोंडाला स्पंज गुंडाळा. टेनिसचा चेंडू कापून टोकावर बसवा. टॉवेल टाकून ठेवा, म्हणजे लागला तरी मऊ लागेल. हिंगणघाटच्या मामाजींनी फोनवर सांगितलं, की डोळे मिटून आंघोळ करायची सवय सोडा. एका मित्रानं तर, आंघोळीची जागा बदला आणि नळाखाली वॉशिंग मशीन आणा, असं सुचवलं. भारतीय माणूस नळाला सोडून बाकी काहीही हलवायला तयार असतो.

दुकानात गेलो तेव्हा याचं कारण कळलं. नळ भिंतीत आत गेला असेल, तर त्यावर औषध आहे. एक्स्टेन्शन निपल नावाची पितळी नळकांडी मिळते: अर्धा इंच, एक इंच, दीड, दोन, तीन. काउंटरवर बरण्या भरून ठेवलेल्या असतात. नळाची दोन तोंडं भिंतीत थोडी वेडीवाकडी, खालीवर बसली असतील, तर त्यावरही औषध आहे. गरम-थंड पाण्याच्या मिक्सरला इंग्रजी एससारखे वाकडे पाय येतात, ते फिरवले की दोन तोंडांमधल्या सहा इंचांच्या अंतरातला थोडा फरक भरून निघतो. एल्बोच्या भोवतीचं टाइलचं भोक ओबडधोबड असेल तर त्यावर चमकती वाटी येते, प्लंबर तिला कप म्हणतात. ती सरकवली की सगळं झाकलं. फक्त नळ बाहेर आला असेल तर बाजारात काहीही नाही. दुकानदारानं बरणीत हात घालून पुन्हापुन्हा निपल माझ्यापुढं ठेवले, आणि मी पुन्हापुन्हा सांगितलं, भाऊ, लांब नको, आखूड पाहिजे. शेवटी तो म्हणाला, ‘सर, लांबी माझ्यापाशी हाय. आखूडपणा कंपनी बनवत नाही.’

मोठं सत्य होतं. उणे एक इंचाचा निपल कुणी विकत नाही. ज्याला जागा कमी आहे त्याला जागा देणारी वस्तू बाजारात नसते, त्याच्यापुढं नेहमी आणखी एक वस्तूच ठेवली जाते. या मुद्द्यावर मी दुकानातच थोडं बोललो, पण मागं आणखी गिऱ्हाइकं होती.

आमच्या गावात असा काही विचार मनात आला की सेवाग्राम आठ किलोमीटरवरून आपोआप आठवतं. गांधीजी १९३६ साली तिथं राहायला आले तेव्हा त्या गावाला शेगाव म्हणत. झोपडीचं सामान आसपासच्या गावांतलंच असावं आणि खर्च बेताचा असावा, ही त्यांची अट होती. लॉरी बेकर या वास्तुविशारदालाही त्यांनी सांगितलं होतं, की घराचं सामान पाच मैलांच्या आत मिळालं पाहिजे. बेकर तो सल्ला जन्मभर विसरला नाही.

मी आमच्या बाथरूमला पाच मैलांची कसोटी लावून पाहिली. टाइल मोरबीची, गुजरातमधून आलेली. एल्बोचं पितळ आणि निपल, दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे, जामनगरचे. नळ जालंधरचा. आटे मँचेस्टरच्या व्हिटवर्थचे. पाच मैलांतलं म्हणावं असं त्या खोलीत दोनच गोष्टी होत्या. एक पाणी, कारण ते धाम नदीचं, आणि पवनार जेमतेम त्या हद्दीवर येतं. दुसरं म्हणजे टेंगूळ.

सेवाग्रामला गांधीजींच्या बापू कुटीत मातीच्या भिंतीवर मीराबेननं काढलेली उठावाची चित्रं आहेत, ताडाची झाडं वगैरे. बोटभर बाहेर आलेली. माणसं ती बघत रांगेनं पुढं सरकतात. जिल्ह्यात भिंतीतून बाहेर आलेली पण कुणालाही न लागलेली एवढीच वस्तू मला ठाऊक आहे. इव्हान इलिच १९७८ साली तिथं आला होता, त्या कुटीत बसून राहिला होता, आणि माणूस घरात सोयी भरत जातो तसा त्या सोयींचाच गुलाम होतो अशा अर्थाचं भाषण त्यानं केलं. हा माणूस व्हिएन्नाचा, मेक्सिकोत राहणारा; आमच्या ले-आउटमध्ये तो कधी आला नव्हता. तरी बरोबर बोलला.

असो. एवढं सगळं होऊनही नळ लगेच दुरुस्त झाला नाही, कारण उन्हाळा आला.

वर्ध्याचा उन्हाळा पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगून कळत नाही. पारा ४५-४६ ला गेला की ती बातमी नसते, हवामान असतं. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी दोनला चहाला चालेल इतकं तापतं. शहाणी माणसं आंघोळीचं पाणी रात्रीच बादलीत काढून ठेवतात. आणि या दिवसांत घराचा कुलस्वामी असतो कूलर. त्याला दिवसातून दोनदा पाणी लागतं. बाथरूमच्या नळाला पाइप खोचायचा, तो बैठकीतून ओढत खिडकीपर्यंत न्यायचा, आणि एकानं नळापाशी, एकानं कूलरपाशी उभं राहून ‘झालं का?’ ‘थांब!’ असं ओरडायचं. विदर्भातले संसार या संवादावर टिकलेले आहेत.

तर या कामाला आमचा नळ जगात भारी. बाहेर आलेला असल्यामुळे त्याला पाइप सहज बसायचा, वर क्लिप आवळायला चार बोटं जागा. शेजाऱ्यांचा नळ भिंतीला चिकटलेला. ते रोज पाइप खोचताना हात सोलून घ्यायचे आणि पाइप सुटून बाथरूमचं छत धुऊन निघायचं. हिनं स्वच्छ सांगितलं, ‘कूलर खाली उतरेपर्यंत नळाला हात लावायचा नाही.’ माझ्या टाळूचा प्रश्न त्यामुळे रोहिणी-मृगापर्यंत पुढं ढकलला गेला. वाळ्याच्या जाळ्यांना पाणी मिळत राहिलं, मला टेंगूळ.

पाऊस लागला आणि प्लंबरला फोन केला. ‘येऊनच राह्यलो न भाऊ,’ तो म्हणाला. मागून रेल्वेचा भोंगा आणि ‘पुलगाव, पुलगाव’ असा आवाज आला. तो आला त्यानंतरच्या आठवड्यात.

आल्या आल्या त्यानं नळाकडे नुसतं पाहिलं. डॉक्टर जसे जीभ न बघता ‘हं’ म्हणतात तसं नाही. त्यानं खरंच वेळ घेतला. मग टाइलवर तळहात फिरवला, वाटीवर नखानं टकटक केलं आणि निदान केलं.

‘सर, हा नळ नाही बाहेर आला. तुमची भिंत मांगं गेली.’

‘भिंत कशी मागं जाईल?’

‘टाइलवाल्यानं माल कमी लावला न. आता पाहा, एल्बो कुठं हाय ते खोलल्यावर समजन. पण कोणं बसवला हा? काही दिमाग नाही लावला त्यानं. कप पाहा, एक नाही, दोन-दोन कप घातले एकावर एक. म्हणजे अंदर काहीतरी लपवलं हाय.’

खरंच, वाटीच्या मागं दुसरी वाटी होती. इतकी वर्षं आम्ही ती डिझाइन समजत होतो.

पाणी बंद करायचं म्हणून गच्चीवर गेलो. तिथला व्हॉल फिरत होता, पण फिरण्यापलीकडे त्याचं काही कर्तव्य आहे असं त्याला वाटत नव्हतं. म्हणून टाकी रिकामी करणं आलं. घरातले गुंड, गंज, कोपर, बकेटी, पाहुण्यांसाठी ठेवलेला पिंप, सगळं भरलं. उरलेलं पाणी झाडांना, मग शेजाऱ्यांच्या झाडांना. धो-धो पाऊस पडत असताना छत्री धरून जास्वंदीला पाणी घालणारा माणूस पाहून काकाजी गॅलरीत आले, आणि व्हर्नियर आणायला आत गेले.

प्लंबरनं नळ फिरवून काढला. वाट्या उतरवल्या. आणि मग दिसलं ते. भिंतीतून चक्क दोन इंची निपल बाहेर उभा होता. अर्ध्या इंचाचं काम, त्याला दोन इंच. पूजेच्या आदल्या संध्याकाळी दुकानात जो निपल होता तो लावून मोकळा झालेला माणूस मला डोळ्यांसमोर दिसला. लाँग बॉडी नळ, त्यात दोन इंची निपल. लांबीला लांबी जोडली होती.

‘वा!’ प्लंबर म्हणाला, ‘हे तर...’ आणि थांबला. निपलावर गुंडाळलेल्या टेपकडे त्यानं निरखून पाहिलं. टेप उलट्या बाजूनं गुंडाळला होता, आणि शेवटी गाठ मारल्यासारखा पीळ दिला होता. ‘हे काम तर आमच्या साळ्याचं दिसते.’

मी काही बोललो नाही. बायको दारात उभी होती, तीही काही बोलली नाही.

‘नाही, पण त्याची काही गलती नाही,’ तो लगेच म्हणाला. ‘टायमावर दुसरा निपल भेटला नसन. पूजा होती न तुमची? मंग. त्यानं तुमची पूजा सांभाळली.’ आधी दिमाग न लावलेला कारागीर एका मिनिटात संकटमोचक झाला होता. नात्यात असं करावंच लागतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

इथलं पाणी जड, क्षाराचं. निपल आत धरून बसला असणार, जोर लावला तर आतला एल्बो फुटणार, ही भीती होती. पण तो दोन इंच बाहेर होता म्हणून पाइप पान्याला पकड चांगली मिळाली. त्यानं पाना लावला, भिंतीला खांदा टेकला, श्वास रोखला, कानाजवळ आवाज ऐकत हळूहळू दाब दिला. मी आणि बायको आणि काकाजी तिघंही श्वास रोखून. कट्ट. निपल सुटला. त्यानं आत बोट घालून चाचपलं आणि एल्बो शाबूत असल्याचं जाहीर केलं. काकाजींनी तेवढ्यात निपलाचं माप घेतलं. एक्कावन्न मिलिमीटर. ‘हा मात्र बरोबर दोन इंच आहे,’ ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच समाधानी दिसले.

मग चहा झाला. चहाबरोबर गोरसपाक. गोरसपाक हा आमच्या गावाचा खरा अभिमान. वर्ध्याला आलेला माणूस सेवाग्राम पाहतो आणि गोरसपाक घेऊन जातो, आणि घरी गेल्यावर लोक आधी कशाबद्दल विचारतात ते सांगायला नको.

नवा अर्धा इंची निपल बसवला, वर एकच वाटी, त्यावर नळ. लाँग बॉडीच्या जागी शॉर्ट बॉडी लावून टाकू, असं मी सुचवून पाहिलं, पण बेसिनच्या आणि शॉवरच्या नळाशी त्याचा जोड बसणार नाही, असं वरून उत्तर आलं. दीड इंचावर समेट झाला. शेवटच्या फेऱ्याला नळाचं तोंड खाली येईना. थोडं कमी पडत होतं, आणि पुढं ओढायला तो धजेना. पुन्हा काढला, टेपाचे वेढे वाढवले, पुन्हा बसवला. आता धार बादलीत पडते, पण नळ किंचित तिरपा आहे, आर्वीच्या दिशेनं बघतो. ‘सेट होते थो हळूहळू,’ प्लंबर म्हणाला. नळ कसा सेट होईल, हे मी विचारलं नाही. बहुधा आपण होतो.

पैशांचं विचारलं तर म्हणाला, ‘काय द्याचे ते द्या न. घरचंच काम हाय.’ इतकं महाग वाक्य मराठीत दुसरं नाही. मी दिले, त्यानं मोजले नाहीत, पण खिशात घालताना नोटांची जाडी बोटानं पाहिली. तशी जाडी काकाजींनाही व्हर्नियरनं पाहता आली नसती.

निघताना त्यानं जुना दोन इंची निपल पुसून, आट्यांतला टेप खरवडून, पिशवीत टाकला.

‘हा कशाला नेता?’ बायकोनं विचारलं.

‘वहिनी, नालवाडीले एक घर हाय. तिथं टाइलवाल्यानं माल जादा लावला, नळ पूरा भिंतीच्या अंदर गेला. दोन इंची निपल पायजे म्हणून कवापासून मांगं लागले हायेत थे लोक.’

‘बाजारात भरपूर मिळतात,’ मी म्हणालो. ‘बरण्या भरून आहेत.’

‘भेटते न. पण हा आपला आजमावलेला हाय,’ तो म्हणाला, आणि गाडीला किक मारता मारता मागं वळून म्हणाला, ‘तिथं बी साळ्यानंच केलं होतं.’